माल गेला, हमाल राहिला

दुखतं-खुपतं म्हणून तुम्ही ज्या डॉक्टरकडे जाता, ती डॉक्टर मी नव्हे. तो डॉक्टर तुमच्या अंगातला एखादा तुकडा काढतो, बाटलीत टाकतो आणि म्हणतो, "तपासायला पाठवू." ती बाटली जिथे येऊन थांबते, तिथे मी बसते. धुळ्यात माझी लॅब आहे. आता रोजचं काम धाकट्या डॉक्टरांवर सोपवलंय, तरी दुपारची एक चक्कर असतेच. इतकी वर्षं मी खानदेशातली माणसं आतून पाहिली. चेहरे मात्र फार थोडे ठाऊक. बाजारात मेथी निवडत असते, शेजारच्या बाईचं कापून आलेलं पित्ताशय मी याच हातांनी उघडून खडे मोजलेले असतात, आणि ती मला म्हणते, "ओ मावशी, जरा सरका." मी सरकते.

संपादक म्हणाले, "मॅडम, दिवाळीसाठी काहीतरी खमंग द्या." खमंग म्हटल्यावर मला आमच्या लॅबमधला प्रेशर कुकर आठवला. हसू नका, खरंच आहे. कॅन्सर ओळखण्याच्या कामात आम्ही घरगुती कुकर वापरतो, शिट्टीसकट. त्याच कुकरने एकदा माझी आणि नानांची झोप उडवली होती. पण कुकरवर यायच्या आधी बाटल्यांबद्दल सांगायला हवं.

तुकडा अंगातून निघाला की लगेच फॉर्मलिनमध्ये बुडवायचा, नाहीतर तो सडतो. हे डॉक्टर सांगतात, पण लोक आपल्या अकलेची भर घालतातच. मी जळगावला नोकरीला लागले तेव्हा फैजपूरच्या एका आबांनी बायकोच्या छातीतली गाठ केळीच्या ओल्या पानात नीट गुंडाळून, सुतळीने बांधून आणली होती. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, 'थंड आणि ओलं ठेवा.' केळीच्या बागेत जन्म गेलेल्या माणसाला थंड आणि ओलं म्हणजे पानच आठवणार! मी तेव्हा तरुण होते, भडकले. आबा शांतपणे म्हणाले, "बाई, आम्ही पाहुण्याला जेवण वाढतो या पानावर. वंगाळ कसं असेल?" तो तुकडा वाळून गेला होता, पुन्हा काढावा लागला. त्या बाईला दुसऱ्यांदा टेबलावर झोपावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं. शिरपूरहून एकदा लोणच्याची बरणी आली. आत गर्भाशय, आणि झाकणाला मेथ्यांचा वास. मिठाच्या पाण्यात ठेवलं होतं. "टिकतं ना मिठात," असं जावई म्हणाले. त्या दिवशी माझ्या डब्यात कैरीचं लोणचं होतं. ते मी नानांना दिलं. नानांनी ते मिटक्या मारत खाल्लं.

नाना म्हणजे आमचे टेक्निशियन. माझ्याहून वयाने मोठे, त्यामुळे ते मला 'मॅडम' म्हणत असले तरी मीच त्यांच्या रागाला भिते. तुकड्यातलं पाणी काढून त्यात मेण भरायचं, मेणाचा ठोकळा करायचा आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे काप काढायचे, हे त्यांचं काम. काप इतका पातळ की कांद्याचा पापुद्राही त्यापुढे गोधडी वाटावा. तो कोमट पाण्यावर तरंगतो, मग काचपट्टीवर अलगद उचलायचा. त्या वेळी खोलीत पंखा बंद. शिंकायचं नाही, आणि नानांच्या मते विचारसुद्धा मोठ्याने करायचा नाही. त्यात आमचा खानदेशातला मे महिना! बाहेर डांबर पाघळतं तिथे मेणाची काय कथा? काप चुरगळतात, एकमेकांना चिकटतात. म्हणून उन्हाळ्यात नाना उजाडायच्या आत लॅबमध्ये येतात, ठोकळे बर्फाच्या लादीवर निजवतात आणि ऊन चढायच्या आत काम उरकतात.

आता शीर्षकातल्या हमालाकडे येते.

आमच्या या सगळ्या खटाटोपात एक गंमत होते. तुकडा स्पिरिटमधून आणि मग झायलीन नावाच्या द्रवातून जातो, तेव्हा त्यातली चरबी विरघळून निघून जाते. जिथे चरबीचा थेंब होता तिथे सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं भोक दिसतं. आता भोकाकडे बघून तिथे तूप होतं की पाणी, कसं सांगणार? पण चरबी पेशीत एकटी हिंडत नाही. तिची ने-आण करणारी, तिच्या थेंबाला बिलगून बसणारी काही प्रथिनं असतात. त्यातल्या एकाचं नाव इतकं लांबलचक की नानांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं: हमाल. माल धुऊन गेला तरी हा हमाल थेंबाच्या कडेला तसाच बसून राहतो. एक खास रसायन नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं आणि मग तिथे तपकिरी रंग उमटतो. भोकाभोवती तपकिरी कडं दिसलं की समजायचं, इथे चरबीचा धंदा चालू होता.

एका मेडिकल कॉलेजच्या अभ्यासात आमची लॅब सामील झाली होती, म्हणून हे महागडं रसायन आमच्या फ्रिजमध्ये आलं. प्रश्न साधा होता. चांगल्या अवयवांत हा हमाल कुठे कुठे असतो, आणि कॅन्सर झाला की तो टिकतो, पळतो की भलतीकडेच उगवतो? मी हौसेने बघायला बसले. दूध येत असलेल्या स्तनात हमाल, कातडीच्या तेलग्रंथींत हमाल. मूत्रपिंडाच्या चांगल्या भागात शोधून सापडेना, आणि त्याच मूत्रपिंडाच्या एका कॅन्सरमध्ये मात्र हमालांची जत्रा! एक नियम म्हणून लागेना. नाना म्हणायचे, "मॅडम, दाणाबाजारातल्या हमालांचाही नियम लागत नाही, हे तर शरीरातले."

फॉर्मलिनने सगळी प्रथिनं घट्ट आवळलेली असतात. त्यांची कुलपं उघडावी म्हणून काचपट्ट्या एका द्रावणात बुडवून कुकरमध्ये शिजवायच्या. तोच हा कुकर. आणि प्रत्येक काचपट्टीच्या कोपऱ्यात, पेशंटच्या कापाशेजारी, एक चांगल्या कातडीचा काप लावायचा. त्यात हमाल असतो हे आम्हाला आधीपासून माहीत असतं. याला म्हणतात कंट्रोल. तो रंगला, तर काम नीट झालं. तो रंगला नाही, तर शेजारच्या कापावर काडीचाही विश्वास ठेवायचा नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे घोकून घेतलंय: आधी धडधाकटाला विचारा, मग आजाऱ्याचं ऐका.

दोंडाईचाकडच्या बाटल्या आमच्याकडे आणायचे भटू भाऊ. त्यांची काळी-पिवळी, म्हणजे प्रवासी जीप, दोंडाईचा ते धुळे चालायची. तिकडचे डॉक्टर सकाळी बाटल्या त्यांच्याकडे देत. भटू भाऊंनी सोड्याच्या बाटल्यांचा जुना खणांचा लाकडी खोका मिळवला होता, त्यात बाटल्या उभ्या ठेवायचे आणि तो खोका थेट ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. गाडीत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असोत, टपावर चढलेली असोत, त्या सीटवर कुणालाही बसू द्यायचे नाहीत. कुणी कुरकुरलं तर अहिराणीत म्हणायचे, "पेशंट बशेल शे तठे," म्हणजे तिथे पेशंट बसलाय. एकही बाटली कधी फुटली नाही, सांडली नाही. लॅबच्या दारातून आत यायचे, खोका ठेवायचे आणि नानांना सांगायचे, "मोजी ल्या," मोजून घ्या. मग चहा. चहाबरोबर नाना आणि ते एकमेकांची यथेच्छ चेष्टा करायचे. नाना म्हणायचे, "भटू, तू आमचा हमाल." भटू भाऊ म्हणायचे, "आणि तुम्ही आचारी. दिवसभर कुकर लाई बठतस."

एका उन्हाळ्यात ते आले. खोका टेबलावर ठेवला, पण 'मोजी ल्या' म्हणाले नाहीत. सगळ्यात छोटी बाटली उचलून माझ्या हातात दिली.

"मॅडम, आज बाटलीमा मी शे."

मला आधी चेष्टाच वाटली. मग त्यांच्या डोळ्याकडे पाहिलं. उजव्या डोळ्याची वरची पापणी सुजलेली, टाका घातलेला. वर्षभर तिथे रांजणवाडी येत होती म्हणाले. बायकोने लवंग उगाळून लावली, आईने सोन्याची अंगठी घासून लावली. दोंडाईच्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी कापून काढली. परत आली, परत कापली. तिसऱ्यांदा आली तेव्हा ते डॉक्टर म्हणाले, या वयात एकाच जागी परत परत येणारी रांजणवाडी मला बरी वाटत नाही, तपासूच.

"मना डोया राही ना?" भटू भाऊंनी विचारलं. "डोया गया तर गाडी गयी. माले दुसरं काहीच येत नही."

"आधी बघू तर द्या," मी म्हटलं.

तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, त्यातही चिमट्याने चेचलेला. आमच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात पाहिला. कॅन्सर होता. पण कुठला? पापणीच्या कॅन्सरांत एक जात तशी गरीब असते. ती इकडे-तिकडे पसरत नाही. थोडक्यात कापून काढली की माणूस मोकळा. दुसरी जात पापणीतल्या तेलग्रंथींतून निघते. ही लबाड. रांजणवाडीचं सोंग घेते, पापणीत इथे थोडी तिथे थोडी अशी लपत पसरते, आणि अर्धवट काढली तर पुढे डोळा घेते, कधी माणूसही. काही पेशींत भोकं दिसत होती. तेल होतं की नुसती मोडतोड, ते कळेना. मग आठवला हमाल. या पेशींत तो असेल तर तेलग्रंथीचा कॅन्सर. नसेल तर बहुधा गरीब जातीचा. ज्याला मी हौस म्हणून जपलं होतं त्यावर आता भटू भाऊंचा डोळा अवलंबून होता.

नानांनी पहाटे काप काढले, मी दुपारी आले तेव्हा काचपट्टी तयार. भटू भाऊ बाहेरच्या बाकावर बसलेले. मी बघायच्या आधी नानांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि आनंदाने ओरडलेच, "मॅडम, कोरं! हमाल नाही! सुटला आपला भटू!" आणि निघाले दाराकडे.

"नाना, थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर भटू भाऊ उभे राहिलेले दारातून दिसले.

मी बसले. काप खरंच कोरा होता. किती सुंदर दिसत होता तो कोरेपणा! माझ्याही मनात आलं, असू दे ना असंच. मग काचपट्टी सरकवून कोपऱ्यात गेले. कंट्रोलची कातडी, जिच्यात हमाल असतोच असतो, तीही कोरी. पांढरी फटक.

"नाना, हे बघा."

नानांनी पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. ते कुकरकडे गेले, झाकण उघडलं आणि आतली रबरी रिंग बाहेर काढली. उन्हाळ्याने ती तडकली होती. कुकरने वाफच धरली नव्हती, शिट्टी झाली ती नावालाच. "घरी वरण शिजलं नाही तर बायको बोलते," नाना पुटपुटले, "इथे कोण बोलणार होतं?"

"हा काय, कोपऱ्यातला बोलला ना," मी म्हटलं.

बाहेर भटू भाऊंना काहीतरी सांगायलाच हवं होतं. "पास का नापास?" त्यांनी विचारलं.

"पेपर तपासलाच गेला नाही भाऊ. आमचा कुकर फसला."

ते हसले. त्या सुजलेल्या पापणीने हसले. "मी इतला दिवस बाटल्या आनी राहिनू, एक बी फुटनी नही. आणि तुमना कुकर मनाच टायमाले फुसका निंघना?"

मी पण हसले आणि आत जाऊन रडले. रडायचं कारण सांगते. ठोकळ्यात आता तुकडा जवळजवळ उरलाच नव्हता. प्रत्येक कापासरशी तो संपत जातो. अजून एकदा जमलं तर जमलं, नाहीतर त्या पापणीला पुन्हा सुरी लावायची, आणि दिवस जाऊ द्यायचे ते वेगळेच.

नाना बाजारात जाऊन नवी रिंग घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, किती लिटरचा कुकर, घरात माणसं किती? नाना म्हणाले, "एकच, पण फार मोलाचा." दुसऱ्या दिवशी मीही पहाटेच गेले. ठोकळा बर्फावर निजलेला. नानांनी पंखा बंद केला आणि यंत्राचं चाक फिरवलं. पहिला काप चुरगळला. नानांनी त्याला अस्सल धुळे जिल्ह्यातली शिवी दिली, ती इथे छापता येणार नाही. दुसरा काप सरळ आला, पाण्यावर पसरला आणि काचेवर चढला. मागे ठोकळ्यात नुसतं मेण उरलं होतं.

या वेळी कुकरची शिट्टी शेजारच्या मेडिकलवाल्यालाही ऐकू गेली असेल.

मी आधी कोपऱ्यात गेले. कंट्रोल झळकत होता, तपकिरी, ठसठशीत. मग भटू भाऊंच्या कापावर आले. तोही झळकत होता. भोका-भोकाभोवती तपकिरी कडी. माल कधीच धुऊन गेला होता, हमाल जागच्या जागी बसलेला. लबाड जात होती.

नानांना सांगावं लागलं नाही. त्यांनी चहा ठेवला, साखर जास्त घातली आणि भटू भाऊंना आत बोलावलं. सहसा पेशंटला मी सांगत नाही, ते काम त्यांच्या डॉक्टरांचं. पण भटू भाऊ म्हणाले, "बठ्ठं खरं सांगा मॅडम. गोड नका बोला, चहा गोड शे तितला पुरे." मग मी सांगितलं. पापणीचा बराच भाग जाईल म्हटलं. चांगल्यापैकी रुंद काढावा लागेल, कडा तपासून. पण जात ओळखू आली आहे, म्हणून ते डॉक्टर आता अर्धवट काढणार नाहीत. डोळा वाचायची खरी संधी आहे.

भटू भाऊंनी कप खाली ठेवला. "काल तुमना नाना काय वरडनात? सुटला म्हणे?"

"हो."

"तठेच सोडी देतात तर?"

"तर थोडंसं कापून तुम्हाला घरी पाठवलं असतं. आणि वर्षाने डोळा गेला असता."

त्यांनी मान डोलावली. "मग पापणी लई जा म्हणा. डोया ठेवा."

ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात झालं. तुकडा मात्र तपासायला आमच्याकडेच पाठवा असा भटू भाऊंनी हट्ट धरला. त्यांच्याच काळी-पिवळीतून बाटली आली, दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती, पुढच्या सीटवर, सोड्याच्या खोक्यात एकटी. कडा आम्ही बोटाने चाचपाव्या तशा बारकाईने पाहिल्या. सगळ्या कडा स्वच्छ, कुठेच कॅन्सर नाही. नानांनी दोंडाईचाला फोन लावला आणि 'तुम्हीच सांगा' म्हणून माझ्या हातात दिला. डॉक्टरांनी गालाची कातडी घेऊन नवी पापणी शिवली. ती जरा खाली झुकते, त्यामुळे भटू भाऊ आता सतत डोळा मारल्यासारखे दिसतात. अक्का, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणतात, लग्नात इतकं लाडाने बघितलं नव्हतं. गाडी चालू आहे. बाटल्या चालू आहेत.

एक राहिलं. त्या स्वच्छ कडांत एका टोकाला चांगल्या तेलग्रंथी होत्या, अगदी निरोगी, हमालाने गच्च भरलेल्या. इतका देखणा कंट्रोल मी जन्मात पाहिला नव्हता. आमची जुनी कंट्रोलची कातडी संपत आली होती. मी भटू भाऊंना विचारलं, तुमचा हा चांगला तुकडा आम्ही ठेवू का? दुसऱ्यांच्या काचपट्टीवर कोपऱ्यात लावायला?

त्यांनी विचारलं, "म्हणजे प्रत्येक पेशंटना शेजारी मी बठसू?"

"हो. आणि तुम्ही रंगलात तरच आम्ही त्याच्याबद्दल बोलणार."

"मग पुढली सीट द्या," ते म्हणाले.

ती सीट त्यांचीच आहे. शिरपूरची पापणी असो की साक्रीची कातडी, काचेच्या कोपऱ्यात भटू भाऊ बसलेले असतात, आणि धाकटे डॉक्टर आधी त्यांना बघतात. मी दुपारच्या चकरेला गेले की कधी कधी तेही आलेले असतात. खोका टेबलावर ठेवतात, 'मोजी ल्या' म्हणतात. मग तो झुकलेला डोळा माझ्यावर रोखून विचारतात,

"मॅडम, आज मी चमकनू का?"